एकादशीच्या अळ्या

"हे उतरवू नका," गोदाताई म्हणाल्या.

ट्रॉलीचं फाळकं निम्मं उघडलं होतं, ते ड्रायव्हरनं तसंच धरून ठेवलं. गोदाताईंनी वरच्या क्रेटमधला द्राक्षांचा एक घड नाकाशी नेला, परत ठेवला. मग खालच्या क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून एक प्लास्टिकची बाटली ओढून काढली. टोपण तडकलेलं. आत बोटभर औषध शिल्लक होतं, बाकीचं घडांवर ओघळून पांढरट सुकलं होतं.

"पिठ्या ढेकणाचं औषध हाय हे. फवारणीवाल्यानं टाकली आन् विसरला. आख्ख्या ट्रॉलीला वास हाय."

"मला तं काय येत नाय," फावड्यावर रेललेली भागीबाई म्हणाली. "माझं नाक तंबाखूनं कवाच मारलं. तुमी म्हणता तं आसंल."

आवाज ऐकून विश्वेश केबिनमधून बाहेर आला. तिशीचा, नाशिक रोडहून रोज गाडीनं येणारा, या युनिटचा मॅनेजर. बोलायला गोड. कामगारांशी कधी वरच्या आवाजात बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"काय झालं मावशी?"

गोदाताईंनी बाटली दाखवली.

"एकच बाटली आहे ना? मग तेवढं क्रेट बाजूला काढा. बाकीचं पाण्यानं धुऊन घ्या."

"धुऊन जाणारं औषध कोण मारंल, साहेब? बागेवर चिकटून बसावं म्हणून तर त्यात चिकट घालत्यात."

"मावशी, जागामालकांचा माल आहे. आपण त्यांच्याच जागेवर बसलोय. एक्स्पोर्टवाल्यांनी नाकारला म्हणून आपल्याकडे पाठवला. मी परत पाठवला तर काय म्हणतील?"

"ते काय म्हणतील ते म्हणतील. पण हे किडं मारायचं औषध हाय, आन् आपण इथं पाळतो काय? किडंच ना?"

भागीबाई फस्सकन हसली. ड्रायव्हरही हसला. विश्वेशसुद्धा हसला, आणि हसत हसतच म्हणाला, "चला, घ्या उतरवून. नाक जरा बाजूला ठेवा, मावशी."

फाळकं खाली पडलं. फावडं सिमेंटवर खरडलं. द्राक्षं धुतली, दळली आणि संध्याकाळी ती अळ्यांच्या ट्रेमध्ये शेवटचा खाऊ म्हणून गेली. गोदाताईंनी नाक बाजूला ठेवलं. पुढे त्यांचा सगळा राग आधी स्वतःवर निघाला तो याच गोष्टीसाठी.

निफाड रस्त्याला पिंपळटेक गावाच्या शिवेवर हे युनिट होतं. पत्र्याची तीन लांबट शेडं आणि एक जाळीची खोली. मार्केट यार्डातला सडका भाजीपाला, हॉटेलांतलं उरलंसुरलं, मंगल कार्यालयातलं उष्टं इथं येई. जाळीच्या खोलीत काळ्या, लांबट सैनिक माशा लाकडी पट्ट्यांच्या फटींत अंडी घालत. अंड्यांतून निघालेल्या अळ्या हा सगळा कचरा दोन आठवड्यांत फस्त करत आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या होत्या त्या करंगळीच्या पेराएवढ्या टंच होत. मग त्या उकळत्या पाण्यात घालायच्या, सुकवायच्या आणि पोत्यांत भरायच्या. माशांच्या तळ्यांना, कोंबड्यांच्या खुराड्यांना ते खाद्य जाई. मागे उरे ते काळं, भुसभुशीत खत.

गोदाताईंना या कामाची लाज कधी वाटली नाही. पहिल्या महिन्यात जेवताना तेवढं शिसारी आल्यासारखं झालं. पुढे त्यांना त्यात वेगळंच काही दिसायला लागलं. पंगतीतलं टाकलेलं अन्न गटारात जाण्याऐवजी एका जिवाच्या पोटात जातं, तो जीव दुसऱ्या जिवाच्या पोटात जातो, यात ओंगळ ते काय? आणि माशी तर त्यांची लाडकी. अळी असताना जे खायचं ते खाऊन घेते, पंख फुटले की तोंडाला अन्न लावत नाही. चार दिवस नुसत्या पाण्यावर जगते, अंडी घालते, निघून जाते.

"ह्यांना कायमचीच एकादशी," गोदाताई म्हणत. "आपल्याला पंधरा दिवसांतून एकदा जड जाती."

त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आसपासच्या दहा गावांत कुठंही कीर्तन असो, त्या पुढच्या रांगेत असत. बुवांनी अभंग उचलला की टाळकऱ्यांच्या आधी त्यांचे ओठ हलत. आवाज असा मोकळा आणि लांब जाणारा, की मृदंगावरच्या माणसानं मान वर करून बघावं. नोकरी लागली त्या वर्षी, इगतपुरीकडचे म्हातारे गोविंदबुवा गावात कीर्तनाला आले होते. कीर्तन संपल्यावर गोदाताईंनी त्यांचे पाय धरले आणि सरळ विचारलं होतं, "बुवा, मी रोज लाखांनी जीव कढत्या पाण्यात सोडते. माळ ठेवू का उतरवू?"

बुवांनी आधी माळेकडे बघितलं. मग म्हणाले, "ठेव. तू नाही मारलेस तर दुसरं कुणी मारील, आणि त्याला हा प्रश्न पडणार नाही. फक्त हाताला सवय झाली म्हणून मन निबर होऊ देऊ नकोस."

ते मन निबर होऊ नये म्हणून गोदाताईंनी स्वतःपुरता एक नेम केला. एकादशीला काढणी नाही. त्यासाठी काम अडवायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. अंडी ट्रेमध्ये ठेवायच्या दिवशी त्या भिंतीवरच्या पंचांगात बोट ठेवून पुढचे दिवस मोजत. उन्हाळ्यात चौदा, थंडीत सतरा. काढणी एकादशीला येतेय असं दिसलं, तर अंडी एक दिवस आधी ठेवायची किंवा एक दिवस नंतर. सहा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही आणि एक ट्रे वाया गेला नाही.

लक्षात आलं ते विश्वेशच्या, आणि तेही गोदाताईंनी स्वतःच विश्वासानं सांगितलं म्हणून. त्याला ते फारच आवडलं. दिवाळीनंतर मुंबईहून पाहुणे आले, सोबत दोन परदेशी होते. त्यांना शेडमध्ये फिरवताना त्यानं गोदाताईंच्या खांद्यावर हात ठेवला. "ह्या आमच्या पंचांगवाल्या मावशी. आमचं शेड्यूल सॉफ्टवेअरवर नाही, एकादशीवर चालतं." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो झाले. मग टेबलावर कुठल्याशा परदेशी किड्यांच्या पिठाची बिस्किटं मांडली, पाहुण्यांनी ती डोळे मिटून खाल्ली आणि पुन्हा टाळ्या वाजल्या. हेच उद्याचं अन्न आहे, असं कुणीतरी म्हणालं.

भागीबाई पेठकडची. ती दाराआड उभी राहून बघत होती. "आमच्याकडं वारुळातली पाखरं उडाय लागली का टोपली टोपली धरत्यात. भाजून खायची, खोबऱ्यावाणी लागत्यात. मी शाळेत डब्यात नेली तं मास्तरनं मला किडेखाऊ म्हून भायेर उभं केलं. तवापून शाळाच सोडली म्या." तिनं टेबलाकडे हनुवटी उडवली. "आता बघा. ह्यांनी खाल्लं तं टाळ्या!"

त्या दिवशी दोघी तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

त्या द्राक्षांच्या वेळी माघ चालू होता. निफाडकडची थंडी ती, पहाटे ट्रेच्या कडांवर दव गोठायचं. गोदाताईंचा हिशेब काढणी दशमीला येण्याचा होता, पण गारठ्यानं अळ्या वाढायला एक दिवस जास्त घेतला आणि काढणी नेमकी एकादशीला आली. असं सहा वर्षांत पहिल्यांदाच झालं. त्यांनी एक दिवस थांबायचं ठरवलं. एका दिवसानं काय होतं? थोड्या अळ्या काळपट पडतात, ट्रेबाहेर चढू बघतात. चाळणीत वेगळ्या निघतात, एवढंच.

त्या चढल्या नाहीत. एकादशीच्या सकाळी ट्रेमध्ये हात घातला तेव्हा एरवी बोटांना गुदगुल्या करणारी ती वळवळ नव्हती. अळ्या मंद होत्या. काही वाकून पडल्या होत्या.

"साहेब, ह्या अशा का?"

"थंडी आहे, मावशी. आपणच नाही का आखडून जात?"

हे गोदाताईंना पटलं, किंवा त्यांनी पटवून घेतलं. द्वादशीला काढणी झाली. चाळणीखाली उरलेल्या बारक्या अळ्यांची बादली नेहमीप्रमाणे त्यांनी उचलली आणि जाता जाता लताबाईंच्या अंगणात रिकामी केली.

लताबाई बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहत. नवरा झुंबर सायकलवर अंडी विकायचा. दोघांच्या सव्वीस गावरान कोंबड्या होत्या. सुरुवातीला लताबाई अळ्यांना हात लावायला तयार नव्हत्या. "अगं हाड! कोंबडीला असलं खाऊ घालू?" गोदाताईंनीच त्यांना समजावलं होतं, "रानात फिरून कोंबडी काय खाती मग, बासुंदी? घाल तू. माझा शब्द हाय." तेव्हापासून अंड्यांचं बलक केशरी झालं होतं आणि दोघींची संध्याकाळी चहाची गाठ पडली होती.

त्रयोदशीला सकाळी लताबाईंनी गोदाताईंच्या ओट्यावर एक मेलेली कोंबडी आणून ठेवली. मान उलटी वळलेली, पाय ताणलेले, चोचीत सुकलेला फेस.

"ही एक दाखवायला आणली. बाकीच्या खड्ड्यात टाकल्यात."

"किती गं?"

"सगळ्या. खुडूक बसली होती तेवढी एक उठली नाही म्हणून वाचली." लताबाई रडत नव्हत्या. "तुझ्या शब्दावर घातलं होतं, गोदे."

गोदाताई कोंबडी पदरात घेऊन तशाच युनिटवर गेल्या. विश्वेशच्या टेबलावर त्यांनी ती ठेवली नाही. टेबलाशेजारी जमिनीवर ठेवली, पानावर ठेवावी तशी.

"द्राक्षं होती ती," त्या म्हणाल्या. "कालच्या काढणीची पोती कुठं हायत?"

"गेली, मावशी. कालच संध्याकाळी गाडी लागली ना."

"मग फोन करा. परत बोलवा. तळ्यात पडायच्या आधी बोलवा."

"असं कसं बोलवणार? आधी कारण शोधावं लागेल. हेड ऑफिसला रिपोर्ट द्यावा लागेल."

"कारण त्या बाटलीत हाय."

"ते तुम्ही म्हणता. लॅबनं म्हणायला हवं." त्यानं कोंबडीकडे एकदा बघून नजर काढून घेतली. "मी बघतो. तुम्ही काळजी करू नका."

त्यानं बघितलं. काय बघितलं, ते दोन दिवसांनी कळलं. गावात हनुमानाच्या मंदिरात सप्ताह बसला होता. त्या दिवशी सकाळी गोदाताईंना केबिनमध्ये बोलावून त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला.

"वाचता येतं ना मावशी? की मी वाचू?"

"चौथी झालीय माझी."

त्यांनी बोट ठेवून वाचलं. मी, गोदावरी, धार्मिक कारणास्तव काढणी एक दिवस पुढे ढकलली. त्यामुळे माल खराब होऊन दुर्घटना घडली. ही माझी वैयक्तिक चूक असून यास इतर कोणी जबाबदार नाही.

चहा आला. त्यावर साय धरली. गोदाताईंनी कागद दुसऱ्यांदा वाचला.

"पहिली ओळ खरी हाय," त्या म्हणाल्या.

"झालं तर मग!" विश्वेश मोकळा हसला. "मावशी, तुमची नोकरी जाणार नाही, मी शब्द देतो. फक्त फाइलला लागतं. आणि तुमच्या त्या मैत्रीण आहेत ना, लताबाई? त्यांना कंपनीतर्फे पन्नास पिल्लं देऊ. चांगल्या जातीची. तुम्ही सही केली की लगेच. नाही केलीत तर हे प्रकरण चौकशीत जाईल, मग पिल्लं नाहीत, काही नाही. उगाच त्यांचं नुकसान."

"आन् जागामालकाची द्राक्षं?"

"त्यांचा इथं काय संबंध?"

माणसाच्या हातून चूक होते. तो ती लपवतो, तेही एक वेळ समजून घेता येतं. भीती कुणाला नसते? पण जी गोष्ट एका बाईनं मन जागं राहावं म्हणून सहा वर्षं जिवापाड जपली, जी याच माणसानं पाहुण्यांपुढं मिरवून टाळ्या घेतल्या, तिच्याखालीच त्यानं आपली बाटली पुरावी? टाळ्यांच्या वेळी एकादशी कंपनीची होती. कोंबड्या मेल्यावर ती गोदावरीची वैयक्तिक झाली.

गोदाताई चहा तसाच सोडून उठल्या.

संध्याकाळी त्या लताबाईंकडे गेल्या. अंगणात रिकामं खुराडं, दार सताड उघडं. उरलेली एक कोंबडी अंड्यांवर बसून होती. झुंबर सायकलची चेन काढून बसला होता. नुसतीच पुसत होता.

गोदाताईंनी पन्नास पिल्लांचं सांगितलं. सहीचंही सांगितलं. काही लपवलं नाही.

"गावात तर बोलत्यातच," लताबाई म्हणाल्या. "गोदाबाईच्या एकादशीनं लताबाईच्या कोंबड्या मारल्या म्हणून. तुमच्या टाळकुट्या बायाच बोलत्यात, आमच्या गल्लीतल्या नाही."

"तुला काय वाटतं?"

"मी एकादशी करत नाही. पण कोंबडी एकादशीनं मरत नाही एवढं मला कळतं." लताबाईंनी खुराड्याचं दार पायानं लोटलं, ते परत उघडलं. "पन्नास पिल्लं देणार म्हणतो. आन् त्यांना खाऊ काय घालू? तेच?"

लताबाईंनी पदर कमरेला खोचला.

"तुला सही करायची तर कर, नाय तर नको करू. तुझी नोकरी, तुझा देव, तुझं तू बघ. पण माझ्यासाठी म्हणून करू नको. मला मधी घालू नको." मग जरा खालच्या आवाजात, "तुला वास आला होता ना गं? त्या दिवशी?"

"आला होता."

"मग बादली का आणलीस?"

झुंबरनं चेन पुसायची थांबवली होती. लताबाई आत गेल्या. त्या दिवशी चहा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सप्ताहात गोदाताईंचा वीणेचा पहारा होता. सात दिवस वीणा उभी ठेवायची, एकानं गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यासाठीच, मध्ये जमिनीला टेकवायची नाही, हा सगळ्या सप्ताहांचा नेम. दुपारचे पहारे बायकांकडे असत. मंडपात ऊन गाळून येत होतं. पारायणाला बसलेल्या म्हाताऱ्या पोथीवर मान टाकून पेंगत होत्या. गोदाताई वीणा गळ्यात घेऊन, डाव्या हातानं चिपळ्या वाजवत, देवासमोर चार पावलं पुढं, चार पावलं मागं करत नाम घेत होत्या. नाम घेताना मन लागत नव्हतं. बादली का आणलीस, बादली का आणलीस, असाच ठेका पडत होता.

विश्वेश आला. बूट काढून, देवाला हात जोडून तो बाजूच्या खांबाशी उभा राहिला. हातात कागद आणि पेन.

"मावशी, दोन मिनिटं. मुंबईहून सारखा फोन येतोय. आजच पाठवायचंय."

गोदाताईंनी वीणेकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "हात रिकामे नाहीत, साहेब."

"जरा ठेवा ना बाजूला. एक सहीच आहे."

पोथीवर पेंगणाऱ्या एका म्हातारीनं मान वर केली. "काय ठेवा? वीणा? आरं लेकरा, कुठल्या गावचा तू?"

विश्वेशचे कान लाल झाले. तो खांबाशी थांबला. अर्धा तास. कधी घड्याळ बघत, कधी फोन. गोदाताई चार पावलं पुढं, चार पावलं मागं. आणि त्या अर्ध्या तासात त्यांचा राग बसत गेला, पण विझला नाही. गढूळ पाण्यातला गाळ बसून तळ दिसावा तसा स्वच्छ झाला. काय लिहायचं ते त्यांना दिसलं.

तीन वाजता सरिता आली, सरपंचांची धाकटी सून. पुढचा पहारा तिचा. गोदाताईंनी वीणा काढून तिच्या गळ्यात घातली. रिवाजाप्रमाणे सरिता त्यांच्या पाया पडली आणि गोदाताई सरितेच्या, आपल्या लेकीपेक्षा लहान मुलीच्या, पायांवर वाकल्या. मग उठून त्यांनी विश्वेशपुढं हात केला.

"आणा."

त्या खांबाला पाठ लावून बसल्या, कागद पोथीच्या रिकाम्या चौरंगावर ठेवला. पहिली ओळ तशीच ठेवली. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीवर हळूहळू, पट्टीनं ओढावी तशी, सरळ रेघ मारली. खाली मोठ्या, वळणदार अक्षरात लिहायला लागल्या. चौथीच्या अक्षराला वेळ लागत होता.

द्राक्षांत औषधाची बाटली सापडली. मी साहेबांना दाखवली. तरी ती द्राक्षं अळ्यांना घातली. अळ्या मंद झाल्या हे मी पाहिलं, तरी लताबाईंना दिल्या. ही माझी चूक. पोती परत बोलवा. ती द्राक्षं पुन्हा घेऊ नका.

खाली पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. तारीख माहीत नव्हती म्हणून तिथीच घातली.

विश्वेशनं वाचलं. त्याचा गोड आवाज पहिल्यांदाच सुकला. "मावशी, हे असं चालणार नाही."

"सही पाहिजे होती ना? केलीय."

"मला तुम्हाला वाचवायचं होतं."

"माझ्याच एकादशीत मला बुडवून?" त्या उठल्या. आवाज चढवलेला नव्हता, पण मंडपाच्या शेवटच्या रांगेतल्या म्हातारीनंही पोथी मिटली. "साहेब, मी त्या जिवांना कढत्या पाण्यात सोडताना रोज हात जोडते. तुम्ही त्यांना विष घातलं, तेव्हा तुम्हाला फक्त जागामालक आठवला. माझी चूक मी लिहिली. तुमची तुम्ही लिहा. जागा सोडलीय खाली."

जागा खरंच सोडली होती. चार बोटं.

त्यानं कागदाची घडी घातली आणि बूट हातात घेऊनच तो गेला. त्याची गाडी वळेपर्यंत सरितेच्या चिपळ्या थांबल्या होत्या. मग पुन्हा सुरू झाल्या.

सकाळी वॉचमननं गोदाताईंना फाटकातच अडवलं. त्याला वाईट वाटत होतं, म्हणून तो जास्तच ताठ उभा होता. "साहेबांनी सांगितलंय ताई. आत नाय. हातमोजे आन् एप्रन इथंच द्या."

हातमोजे त्यांनी रात्रीच धुऊन, वाळवून, घडी करून आणले होते. ते त्याच्या हातात दिले. पोत्यांचं काय झालं, विचारलं. त्याला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. जागामालकाची ट्रॉली. द्राक्षांनी भरलेली, वर निळा कागद. फाटक उघडेपर्यंत ती थांबली तशा गोदाताई सवयीनं पुढे झाल्या, कागदाचं टोक उचललं, एक घड नाकाशी धरला.

तोच वास.

"हे उतरवू नका!"

कीर्तनात चाल उचलावी तसा तो आवाज पत्र्यांवरून आत गेला.

ड्रायव्हर वरून हसला. "मावशी, तुमाला तं काढलं म्हणे. आता कुणाला सांगता?"

ट्रॉली आत गेली. फाटक लागलं. वॉचमन आपल्या खुर्चीकडे वळला. गोदाताई पत्र्याच्या कुंपणाशी उभ्या राहिल्या. आत काय चाललंय ते बघायची त्यांना गरज नव्हती. सहा वर्षांचे आवाज होते ते. ट्रॅक्टर मागे आला. इंजिन बंद झालं. कागद सरकला. फाळकं धाडकन पडलं. आता फावडं सिमेंटवर खरडायचं राहिलं होतं.

ते खरडलं नाही.

जाळीच्या खोलीतला पंखा घरघरत होता. मग विश्वेशचा आवाज आला, "भागीबाई, घ्या उतरवून." थोड्या वेळानं पुन्हा, जरा मोठ्यानं, "अहो भागीबाई!"

जिला वास येत नव्हता, ती उत्तर देत नव्हती. फावडंही गप्प होतं.

गोदाताई कुंपणापासून वळल्या. हाताला घडाचा चिकटपणा लागला होता. रस्त्याकडेच्या हापशावर त्यांनी तो दोनदा, तीनदा धुतला, हुंगून पाहिला, पुन्हा धुतला. लताबाईंच्या गल्लीवरून जाताना खुराड्याचं दार दिसलं. अजून सताड उघडंच होतं. त्या आत वळल्या, कोपऱ्यातला खराटा उचलला आणि खुराडं झाडायला लागल्या. लताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चुना टाकावा लागंल," लताबाई म्हणाल्या.

"टाकू," गोदाताई म्हणाल्या. "दुपारचा पहारा हाय माझा. तवर होईल."